घारीची राखण

आक्का, बाल्कनी अजून झाडलेली नाही. तुझी भावजय सुमन दोनदा झाडू घेऊन गेली आणि दारातूनच परत आली. फरशीवर माशांची हाडं आहेत, उंदराचं शेपूट आहे, आणि त्या सगळ्यावर खाणीच्या ट्रकांची लाल धूळ बसली आहे. तुझी खुर्ची, ते कदेलही, तिथंच आहे. त्याच्या पाठीवर घारीनं घाण केली होती तेव्हा तू म्हणाली होतीस, "आसूं दी, सुकल्यार आपसुक पडटली." ती सुकली आहे, पडलेली नाही.

लोक येऊन जातात. तुझं वय विचारतात, कुठं दिली होती, कधी परत आली, मूलबाळ होतं का, असलं सगळं. मी उत्तरं देतो. कुणीही घारीबद्दल विचारत नाही, आणि मला तर दुसरं काही सांगायचंच नाही. म्हणून तुलाच सांगतो. त्यातलं बरंच तुला ठाऊक आहे. एक गोष्ट ठाऊक नाही.

ते झाड कापलं त्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल. भाषेवरून गोवा पेटला होता. डिचोलीहून एकही बस सुटत नव्हती, रस्त्यावर टायर जळत होते, आणि आमच्या मराठीवाल्या लोकांनी ठरवलं की सर्वणच्या वाटेवरचा किंदळ आडवा पाडायचा, म्हणजे पोलिसांच्या गाड्या येणार नाहीत. करवतीचं एक टोक माझ्या हातात होतं. खाणीच्या कचेरीत आयुष्यभर टाक चालवणारा माणूस मी, मला कुणी बोलावलंही नव्हतं. पण त्या दिवशी माझ्या अंगात काही तरी शिरलं होतं. अर्धं खोड कापून झाल्यावर कोणी तरी वर बघून म्हणालं, "वयर घारीचें घर आसा मरे."

"तिका विचार," दुसरा ओरडला, "मराठी जाय काय कोंकणी!"

सगळे हसले. मीही हसलो. मग झाड पडलं आणि त्या दोन घारी आमच्या डोक्यावर फिरत राहिल्या. त्यांची ती लांब, थरथरती शीळ. आम्ही घरी जायला निघालो तरी त्या वर होत्याच.

तू दारात उभी होतीस.

"खंय आशिल्लो?"

"रस्त्यार. सगळे आशिल्ले."

"सगळ्यांच्या केंसांत भुसो ना," तू म्हणालीस, "तुज्या केंसांत आसा."

तो वाद आपला पुरा झालाच नाही. तुझं म्हणणं, मी सभेत एक भाषा बोलतो आणि घरात दुसरी. माझं म्हणणं, तूही आरती मराठीत म्हणतेस आणि मला शिव्या कोंकणीत घालतेस, मग फरक काय? तू म्हणायचीस, फरक हा की मी त्यासाठी झाड कापत नाही. यावर माझ्याकडे उत्तर होतं, आक्का. भाषेशिवाय माणसाचं काय होतं, पोरांना नोकऱ्या कशा मिळायच्या, बरंच काही. ते तुला नीट समजावून सांगायचं मी पुढं ढकलत गेलो. आता तुझ्या रिकाम्या खोलीत बसून मी ते मनात जुळवतो, आणि प्रत्येक वेळी तुझ्याच बाजूनं बोलायला लागतो.

काही दिवसांनी बाल्कनीच्या कठड्याबाहेर, कुंड्यांसाठी बांधलेल्या सिमेंटच्या पन्हळीत काटक्या दिसल्या. सुमनला वाटलं कावळा. मग एका सकाळी ती घार तिथं उतरली. एवढी मोठी, की खोलीतला उजेड कमी झाला. तिच्या पायात कापडाची पट्टी होती. आमच्याच मोर्चाच्या फलकाची, निळ्या अक्षरांची. तिनं ती काटक्यांत खुपसली आणि मान वळवून आत बघितलं. तांबूस डोळा, पापणी न हलवता. मी मागं सरलो. तू पुढं गेलीस.

"पळय बाबू," तू म्हणालीस, "तुजो मोर्चो घारीन घरांत हाडलो."

तू हसलीस, पण आवाजात हसू नव्हतं. त्या त्याच घारी होत्या की दुसऱ्या, कुणाला ठाऊक? डिचोलीत काय घारींना तोटा आहे? मी तसं म्हणालोही. तू ऐकून घेतलंस आणि संध्याकाळी बांगड्याची डोकी पन्हळीच्या कडेला ठेवलीस.

वरच्या मजल्यावरचे नायकबाब गच्चीवर गेले असताना तिनं झडप घालून त्यांची टोपी नेली. ते खाली आले ते थेट आपल्या दारात.

"आक्का, घरार घार बसप बरें न्हय. घरांतलें मनीस वता म्हणटात. बडयेन तें घर काडून उडय, ना जाल्यार शांती कर."

"टोपी व्हेली, डोकें दवरलें न्हय?" तू म्हणालीस. "मागीर शांती कित्याक? तिचे उपकार मान."

नायकबाब हसत हसत जिना चढून गेले. पण त्यांचं वाक्य मागं राहिलं. घरातलं माणूस जातं. मी असल्या गोष्टी मानत नाही असं सगळ्या कचेरीला माहीत होतं. तरी त्या आठवड्यात मी सुमनला विनाकारण दोनदा विचारलं, तुला बरं आहे ना? तुला विचारायचं मात्र सुचलं नाही. तू आजारी पडशील असं मला कधी वाटलंच नव्हतं. आई गेल्यापासून तू होतीस तशीच होतीस.

तू म्हणालीस, सर्वणला जाऊन आपल्या गावदेवाला विचारूया. आपल्याकडे लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची, आधी देवाच्या अंगावर दोन ओल्या पाकळ्या लावायच्या, आणि उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लहानपणापासून मी हे बघितलं आहे. खरं तर बघितलेलं नाही. कौल लागला की मी बाहेरच्या चौकात जाऊन बसायचो. आधी भीतीनं, मोठेपणी ऐटीनं. त्या दिवशीही मी चौकातच बसलो होतो. आतून गुरवाचं गाऱ्हाणं ऐकू येत होतं.

"बा देवा म्हाराजा, हिच्या भावान घारीचें घर मोडलें, ती घार आतां हिच्या दारांत आयल्या. पिलां उडून वचासर ही बाय घरांतल्यान भायर पांय घालची ना, तांची राखण करतली. तुका मानवता जाल्यार उजवो दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आतले म्हणाले.

आणि मीही म्हणालो, आक्का. तोंडाच्या सवयीनं. काय बोललं गेलं ते मला उजवी पाकळी पडून गेल्यावर, परतीच्या बसमध्ये कळलं.

"भायर पांय घालची ना, म्हणजे गे कितें?"

"म्हणजे तेंच."

"कोणें सांगलें तुका अशें बोलूंक?"

"कोणें तरी बोलूंक जाय न्हय?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस. किंदळाचं खोड रस्त्याच्या कडेला ओढून टाकलेलं होतं. बस त्याच्या बाजूनं गेली. तू हात जोडलेस. मी मान दुसरीकडे वळवली.

मग पिल्लं उडेपर्यंत म्हणून तू घराबाहेर पडली नाहीस. शुक्रवारचा म्हापशाचा बाजार सोडलास, कुणाचं बारसं सोडलंस, शेजारच्या मळ्यातल्या देवळातली जत्राही सोडलीस. कदेल बाल्कनीत नेऊन बसायचीस, तांदूळ निवडायचीस. घार अंड्यांवर, तू तिच्यापासून हातभर लांब. तिनं तुला कधी चोच मारली नाही. मी दारात आलो की मात्र ती पंख अर्धे उघडून उठायची. "तुका वळखता," तू म्हणायचीस. मला ते थट्टेचं वाटत नव्हतं. कचेरीत जाताना मी खालून वर बघायचो, तर तिची मान कठड्यावरून माझ्यामागं फिरत असायची.

दोन पिल्लं निघाली. पांढरी, कापसासारखी, पण डोळे पहिल्यापासून आईचे. नर येऊन काय काय टाकायचा. एकदा त्यानं अर्धमेलं जनावर आणलं, एक लहान साप, आणि ते पन्हळीतून सुटून खाली तुझ्या पायाशी पडलं. ते अजून वळवळत होतं. सुमन किंचाळली. तू पाय वर घेऊन शांतपणे म्हणालीस, "म्हजें न्हय तें, तुजें. व्हर." आणि त्यानं ते उचलून नेलं. नंतर काही दिवसांनी थोरलं पिल्लू धाकट्याला खाऊ देईना. चोची मारमारून त्यानं त्याला कोपऱ्यात दाबलं. तू काठीनं खाऊ धाकट्याच्या पुढं सरकवायचीस, थोरलं तेही ओढायचं. एका सकाळी धाकटं नव्हतं. कुठं गेलं ते आपण एकमेकांना विचारलं नाही. तू दिवसभर जेवली नाहीस. मला आठवलं, आई गेली त्या वर्षी तू तुझ्या पानातली पेज माझ्या पानात ओतायचीस आणि म्हणायचीस, म्हाका भूक ना. हे तुला सांगावं असं फार वाटलं. तू रडत होतीस, म्हणून राहून गेलं.

त्याच सुमाराला तुझे पाय सुजले. मग जिना नाही की काही नाही, नुसतं न्हाणीपर्यंत गेलीस तरी धाप लागायला लागली. रात्री तू उशीला टेकून बसून राहायचीस. मी दोतोराला घरी घेऊन आलो. त्यानं तुझी छाती तपासली, पायात बोट दाबून खळगा बघितला आणि मला जिन्यात नेलं.

"काळीज थकलां. व्हडल्या इस्पितळांत व्हर. आयज व्हर, फाल्यां नाका."

मी आत येऊन तुला सांगितलं. तू पन्हळीकडे बघितलंस. पिल्लाच्या अंगावर अजून निम्मी लव होती, मधूनमधून तपकिरी पिसं.

"हें उडूं दी," तू म्हणालीस. "मागीर खंयूय व्हर."

मी ओरडलो, आक्का. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर ओरडलो. अंधश्रद्धा म्हणालो, वेडेपणा म्हणालो. उचलून घालीन गाडीत म्हणालो. तू सगळं ऐकलंस आणि म्हणालीस, "उचलून व्हर. हांव कितें तुका मारूं शकतां? पूण वाटेर जर मेलें, जाल्यार देवाक उतर दिवन मोडलेलें मरण तें. तुज्या हातान."

मी तुला उचललं नाही.

तेव्हापासून आपल्या घरात एकच गोष्ट उरली. ते पिल्लू उडेल का, कधी उडेल. सकाळी उठलो की मी बाल्कनीत. ते कडेवर येऊन पंख फडफडवायचं, जोरात, काटक्या उडायच्या. मग ते पंख मिटून बसायचं आणि माझ्याकडे बघायचं. मी टाळ्या वाजवल्या. टॉवेल झटकला. एकदा झाडू उचलला तर आतून तुझा आवाज आला, धापेतून तुटलेला, "बाबू, धांवडावंक नाका. आपसुक वचूंक जाय. ना जाल्यार तें उडप न्हय." मी झाडू ठेवला. घार समोरच्या माडावर बसून हे सगळं बघत होती.

एक वाट होती, आणि ती गावातलं पोरसुद्धा सांगेल. देवाला दिलेला शब्द देवालाच विचारून सोडवता येतो. पुन्हा पाकळी लावायची, पुन्हा गाऱ्हाणं घालायचं: बाई आजारी आहे, तिला मोकळी कर. सुमन मला रोज सांगत होती. "सर्वणां वचून येयात. कितलो वेळ लागता?" मी उद्या म्हणत होतो. लोकांना वाटलं असेल, हा शिकलेला, कौलाला हसणारा, आता कुठल्या तोंडानं जाणार? तसं नव्हतं. मला भीती होती डाव्या पाकळीची. आक्का, मी मानत नाही म्हणायचो ना? मी इतकं मानत होतो की विचारायची हिंमत नव्हती. डावी पडली असती तर तुला न्यायचे सगळे रस्ते बंद झाले असते. न विचारता निदान मनात म्हणता येत होतं, उद्या मी तिला उचलून नेईन.

तरी एक दिवस गेलो. ही ती गोष्ट, जी तुला ठाऊक नाही.

दुपारची बस घेतली, सर्वणच्या फाट्यावर उतरलो, चालत देवळापर्यंत आलो. गुरव चौक झाडत होता. त्यानं झाडू थांबवला.

"आयलो? फुलां हाडल्यांत?"

"ना," मी म्हणालो. "सहज आयल्लों."

"सहज?"

"हय. हांगा काम आशिल्लें."

त्यानं झाडू खांबाला टेकवला. "आक्का बरी मरे?"

"बरी आसा," मी म्हणालो. गाभाऱ्याचं दार उघडं होतं. आत समई दिसत होती. मी आत गेलो नाही. परतीच्या बसमध्ये बसलो आणि खिडकीतून बघतो तर वर एक घार. गोव्यात कुठंही वर बघितलं तर घार असते, हे मलाही कळतं. पण त्या वेळी कळत नव्हतं.

घरात शिरलो तर तू जागी होतीस. सुमननं तुला सांगितलं होतं मी कुठं गेलो ते.

"गुरव मेळ्ळो?" तू विचारलंस.

तुझ्या तोंडावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. तू वाट बघत होतीस, आक्का. तुलाही सुटायचं होतं. फक्त ते तुझ्या तोंडानं तू मागणार नव्हतीस.

"ना," मी म्हणालो. "देवूळ बंद आशिल्लें."

"बरें," तू म्हणालीस. "मेळटलो तेन्ना मेळटलो." आणि कूस वळवलीस.

मी पुन्हा गेलो नाही. सुमननं विचारलं की सांगायचो, गुरव परगावी गेलाय. खोटं एकदा बोललं की ते राखत बसावं लागतं. तू घार राखत होतीस, मी हे.

घटकराज्य जाहीर झालं त्या दिवशी डिचोलीत फटाके लागले. बाजारात कुणी तरी लांबलचक माळ पेटवली, इमारतीच्या भिंती हादरल्या. पिल्लू कडेवर होतं. ते दचकलं आणि कोसळलं. मला वाटलं खाली पडलं. मी कठड्यावरून वाकलो तर ते खालच्या धुरातून वर येत होतं, वेडंवाकडं, एका बाजूला झुकत, पण वर.

"उडलें!" मी ओरडलो. "आक्का, उडलें!"

तुला बाहेर आणेपर्यंत ते समोरच्या माडावर जाऊन बसलं होतं. तू डोळ्यांवर हात धरून बघितलंस.

"भियेलें तें," तू म्हणालीस. "आपसुक ना." मग थोडं थांबून, "जावं दी. उडलें तें उडलें."

टॅक्सी मिळाली. रस्त्यानं लोक गुलाल उडवत होते, आमच्या काचेवर तो उडाला. सुमनच्या मांडीवर तुझं डोकं होतं. तू विचारलंस, "कसली गर्दी रे?" मी म्हणालो, गोवा आता राज्य झालं. "आनी भास?" तू विचारलंस. मी म्हणालो, ते मग सांगतो. तू म्हणालीस, "तुजें सगळें मागीर." त्यात राग नव्हता. थट्टा होती, तुझी नेहमीची. ती ऐकून मला वाटलं की तू बरी होशील.

इस्पितळात तू फार दिवस काढले नाहीस. तिथल्या डॉक्टरांनी मला एकच विचारलं, एवढे दिवस कुठं होता? सुमन माझ्या वतीनं म्हणाली, देवाचं काही तरी होतं, गुरव मिळत नव्हता. तिनं ते अगदी खरं मानून सांगितलं. तू डोळे मिटून होतीस. तू ऐकलंस का, मला माहीत नाही.

सुतक फिटल्यावर मी सर्वणला गेलो. या वेळी फुलं घेऊन. गुरवानं ती घेतली.

"पिलूं उडलें मरे आक्काचें?"

"उडलें."

"मागीर कितें विचारतलो?"

मी म्हणालो, त्या दिवशी मी आलो होतो तेव्हा विचारलं असतं, तर देवानं तिला मोकळी केली असती का, ते विचार.

त्यानं मान हलवली. "देवाक फाटलें विचारूंक जायना, बाबू. जावन गेलें तें गेलें. फुडलें कितें आसा तें विचार."

पुढचं माझ्याकडे काय होतं? मग मी म्हणालो, जे मी लपवलं ते आक्काला आणि घरच्यांना सांगू का, एवढंच विचार. त्यानं पाकळ्या पाण्यात बुडवल्या, देवाच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. चौकात जायला माझे पाय वळत होते. मी त्यांना वळू दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी गाभाऱ्यासमोर डोळे उघडे ठेवून उभा राहिलो.

गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आतच उजवी पडली. आक्का, पाकळी पडायला इतका थोडा वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं.